‘मानधन’ : श्रम आणि प्रतिफल यांच्या समतोलाचा शब्दार्थविचार

१. प्रास्ताविक

कामाचा ताण हा विषय आजवर मुख्यतः मानसशास्त्र, समाजवैद्यक आणि अर्थशास्त्र ह्या शास्त्रांनी हाताळला आहे. भाषाशास्त्राचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न सकृद्दर्शनी कोणी विचारील आणि तो अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु श्रम आणि त्याचे प्रतिफल यांचा व्यवहार मनुष्य केवळ हाताने करीत नाही. तो शब्दांनीही करतो. श्रमाला नाव असते, श्रम करणाऱ्याला नाव असते आणि त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेलाही नाव असते. तो व्यवहार करार आहे, हक्क आहे, दान आहे की वेठ आहे, हे बऱ्याच अंशी ह्या तीन नावांनी ठरते.

प्रस्तुत लेखात ह्या नावांपैकी मुख्यतः एकाचा, ‘मानधन’ ह्या शब्दाचा, विचार करावयाचा आहे. त्यासाठी क्षेत्र घेतले आहे ते वाशिम जिल्ह्याचे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख भरली आणि तीत दर सहा माणसांमागे जवळजवळ पाच माणसे खेड्यांत राहणारी होती. २०१८ साली केंद्रशासनाने महाराष्ट्रातील जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशिमही होता. सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर जगणाऱ्या अशा जिल्ह्यात शेतीबाहेरचे नित्याचे काम करणाऱ्या स्त्रियांचा जो वर्ग खेड्यात सहज डोळ्यांत भरतो, तो म्हणजे आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचा. त्यांच्या हाती पडणाऱ्या रकमेला लोकव्यवहारात आणि वृत्तपत्रांत ‘मानधन’ म्हणतात.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे. जुन्या मराठी व्यवहारात ‘मान’ आणि ‘धन’ ह्या दोन स्वतंत्र बाबी होत्या आणि त्या वेगवेगळ्या मोजल्या जात. ‘मानधन’ ह्या समासात त्या एक झाल्या. त्यामुळे एकीची उणीव दुसरीने भरून निघाली असा भास उत्पन्न होतो आणि हा भास कामाच्या ताणाचे एक कारण झाकून ठेवतो.

२. श्रम-प्रतिफल असमतोलाचा सिद्धांत

कामाच्या ताणाविषयीचे दोन सिद्धांत गेल्या अर्धशतकात विशेष प्रभावी ठरले. पहिला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली मांडला. कामाचा भार मोठा आणि कामाच्या पद्धतीवर स्वतःचा ताबा थोडा, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो, असे त्याचे सूत्र आहे. दुसरा सिद्धांत जर्मन वैद्यक-समाजशास्त्रज्ञ योहानेस झीग्रिस्ट यांचा असून त्याची सुप्रसिद्ध मांडणी १९९६ साली झाली. प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध ह्या दुसऱ्याचा आहे.

झीग्रिस्ट यांच्या मते नोकरी हा मूलतः परतफेडीचा व्यवहार होय. समाजातील परतफेडीच्या नियमाचे विवेचन ऑल्विन गोल्डनर यांनी १९६० साली केले होते. घेतलेल्याची फेड झालीच पाहिजे, ही अपेक्षा सर्व मानवी संबंधांच्या मुळाशी असते, असा त्याचा आशय. मनुष्य कामात श्रम ओततो तेव्हा त्याबद्दल प्रतिफल मिळेल हे तो गृहीत धरतो. ह्या प्रतिफलाची तीन अंगे सांगितली आहेत: पहिले पैसा, दुसरे मान आणि तिसरे बढतीची संधी व नोकरीची शाश्वती. श्रम फार आणि प्रतिफल अल्प अशी स्थिती दीर्घकाळ टिकली, तर अन्याय झाल्याची भावना मनात घर करते आणि तिचा परिणाम शरीरावरही होतो. लंडनमधील सनदी नोकरांच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ह्या असमतोलाचा हृदयविकाराशी संबंध आढळून आला.

असमतोल मोजण्यासाठी झीग्रिस्ट यांनी प्रश्नावली तयार केली. तिच्या संक्षिप्त रूपात १६ विधाने आहेत: ३ श्रमाविषयी, ७ प्रतिफलाविषयी आणि ६ कामात स्वतःला वाजवीपेक्षा अधिक गुंतवून घेण्याच्या प्रवृत्तीविषयी. ह्या प्रवृत्तीला येथे ‘अतिसमर्पण’ म्हटले आहे. श्रमाच्या गुणांना प्रतिफलाच्या गुणांनी भागावयाचे. विधानांची संख्या विषम असल्यामुळे ३ : ७ ह्या प्रमाणाची दुरुस्ती करावयाची. आणि येणारा भागाकार एकाहून अधिक असल्यास पारडे श्रमाच्या बाजूला झुकले आहे असे समजावयाचे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. भागाकार काढताना प्रतिफलाच्या तिन्ही अंगांची बेरीज होते खरी. परंतु प्रश्न मात्र अंगपरत्वे निरनिराळे विचारलेले असतात. त्यामुळे बेरजेच्या आड कोणते अंग रिकामे आहे हे पाहावयाचे ठरविले तर पाहता येते. मराठीतील रोजच्या शब्दांनी ही सोय ठेवली आहे काय, हा पुढचा प्रश्न होय.

३. मोबदल्याची मराठी नावे

मराठीत श्रमाच्या प्रतिफलाला जेवढी नावे आहेत, तेवढे त्यामागचे संबंधही निरनिराळे आहेत.

सर्वांत तळाचा शब्द ‘वेठ’. तो संस्कृत ‘विष्टि’पासून आला. विष्टि म्हणजे राजसत्तेने सक्तीने करून घेतलेले विनामोबदला काम. विशेष असे की, वाशिम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म ही ज्या वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी होती, त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात दान दिलेल्या गावाला सर्व प्रकारच्या विष्टीतून सूट दिल्याचा उल्लेख आहे. सूट मुद्दाम लिहून द्यावी लागते, ह्याचा अर्थ इतर गावांना ती नव्हती. फारसीतून आलेला ‘बेगार’ हा वेठीचाच समानार्थी शब्द. दोहोंच्या जोडीने ‘वेठबिगार’ झाला. पुढे ‘बिगारी’ हा शब्द बांधकामावरच्या साध्या मजुराला लागू लागला. सक्ती गेली, मजुरी आली, नाव मात्र राहिले.

‘वेतन’ ह्या शब्दाची प्रतिष्ठा याच्या उलट आहे. पाणिनीने ‘वैतनिक’ हे रूप ‘वेतनावर जगणारा’ ह्या अर्थी सिद्ध केले आहे. म्हणजे ज्यावर मनुष्य जगतो ते वेतन, असा संबंध व्याकरणानेच नोंदविला. कौटिलीय अर्थशास्त्रात तर वेतन आधी ठरले नसल्यास शेतमजुराला पिकाचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या माणसाला मालाचा दहावा हिस्सा द्यावा, असा नियम आहे. बोलणे झाले नव्हते, ही सबब मालकाला उरत नाही.

मध्ययुगात फारसी-अरबी शब्द आले. ‘मुशाहिरा’ म्हणजे महिन्याचे देणे, कारण अरबीत ‘शहर’ म्हणजे महिना. ‘रोज’ म्हणजे दिवसाचे देणे. ‘मोबदला’ म्हणजे अदलाबदल. पोर्तुगीजांकडून ‘पगार’ आला. त्या भाषेत ह्या क्रियापदाचा अर्थ केवळ ‘देणे चुकविणे’ एवढाच. वऱ्हाडात आणि लगतच्या मराठवाड्यात कामाच्या नगावर ठरविलेल्या रकमेला ‘गुत्ता’ म्हणतात. इतरत्र त्यालाच ‘उक्ते’ म्हणतात. वर्षभरासाठी ठेवलेला शेतावरचा गडी तो ‘सालदार’ किंवा ‘सालगडी’. हे सर्व शब्द काळ, काम किंवा विनिमय यांपैकी कशाचा ना कशाचा हिशेब सांगतात. त्यांत मानाची भाषा नाही, पण अपमानाचीही नाही.

गावगाड्यात मान होता आणि तो पदरात पडत असे. मात्र तो स्वतंत्रपणे. वतनाच्या कागदपत्रांत वतनदाराचे ‘हक्क’, ‘लवाजिमा’ आणि ‘मानपान’ हे जोडीने, पण वेगवेगळे नोंदविलेले आढळतात. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीला पहिली पोळी कोणाची, हा मान. आणि खळ्यावरच्या धान्यातील वाटा हा हक्क. एकाच्या बदल्यात दुसरा घे, असे कोणी म्हणत नसे. म्हटले असते तर तंटा गोतसभेपुढे गेला असता.

अर्थात गावगाड्याचे हे चित्र वरच्या पायरीवरचे आहे. खालच्या पायरीवर मान नव्हताच आणि धनही अनिश्चित होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी जे विधेयक मांडले, त्यातील तक्रार आजच्या परिभाषेत श्रम-प्रतिफल असमतोलाचीच होती. कामाला वेळेची मर्यादा नाही, रात्री-अपरात्री बोलावणे येते, वतनदार गैरहजर असेल तर घरातील दुसऱ्याला जावे लागते आणि मोबदला मात्र तुटपुंजा व गावच्या मर्जीवर अवलंबून. ते विधेयक मंजूर झाले नाही. मुंबई राज्यातील ती वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. ‘वतन’ हे मानाचे नाव वेठीच्या व्यवहाराला किती काळ झाकू शकते, याचे हे उदाहरण होय.

४. ‘मानधन’ ह्या समासाची गोष्ट

‘मानधन’ हा शब्द संस्कृतात जुना आहे, पण तेथे तो रकमेचे नाव नव्हे, माणसाचे विशेषण आहे. ‘मान हेच ज्याचे धन आहे असा’ हा बहुव्रीही समास. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ काव्याच्या पहिल्या सर्गात वनेचर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या कारभाराचा वृत्तांत सांगतो. तेथे दुर्योधनाच्या योद्ध्यांना हे विशेषण लावलेले आहे. त्याच श्लोकात, लगेच पुढच्या शब्दात, हे योद्धे धनाने सत्कारिलेले आहेत असेही सांगितले आहे. ते त्याच्यासाठी प्राण द्यावयास तयार आहेत, याचे कारण ह्या दोन विशेषणांच्या शेजारात आहे. मान हेच ज्यांचे धन, त्यांनाही त्याने वेगळे धन दिले. राज्यकारभाराची ही सूक्ष्म जाण कवीने पांडवांच्या शत्रूच्या पदरी घातली आहे, हे लक्षणीय आहे.

आधुनिक मराठीत मात्र ‘मानधन’ हा तत्पुरुष समास झाला: ‘मानादाखल दिलेले धन’. इंग्रजीतील ‘ऑनरेरियम’चा तो प्रतिशब्द म्हणून रुळला. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. रोममध्ये इ. स. पू. २०४ च्या एका कायद्याने वकिलांना अशिलाकडून मोबदला घेण्यास बंदी होती. प्रतिष्ठित नागरिकाने विद्येची विक्री करू नये, हा त्यामागचा संकेत. तेव्हा कृतज्ञतेने दिलेल्या रकमेला ‘सन्मानाची भेट’ म्हणावयाचे. तिचा दर ठरत नसे आणि ठरत नसल्यामुळे ती मागताही येत नसे. देणाऱ्याची कृतज्ञता आणि घेणाऱ्याचा स्वतंत्र चरितार्थ, ही ह्या व्यवहाराची दोन गृहीते होत.

व्याख्यात्याला दिलेले पाकीट, परीक्षकाला दिलेली रक्कम, दिवाळी अंकातील लेखाबद्दल आलेला धनादेश, ह्या प्रसंगी ही गृहीते आजही बहुधा खरी ठरतात. व्याख्याता त्या पाकिटावर जगत नाही. तेथे ‘मानधन’ हा शब्द अगदी यथार्थ आहे. प्रश्न निर्माण होतो तो हाच शब्द रोजच्या, नेमून दिलेल्या, हजेरी आणि अहवाल असलेल्या कामाला लावला जातो तेव्हा. तेव्हा प्रासंगिक भेटीचे गुणधर्म नित्याच्या देण्याला चिकटतात: दर मागता येत नाही, विलंबाची तक्रार करणे अप्रशस्त दिसते आणि रकमेने घर चालते की नाही हा प्रश्नच अप्रस्तुत ठरतो.

५. आशा स्वयंसेविकेचे काम

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. दर हजार लोकसंख्येमागे एक आशा, ती त्याच गावची, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता आणि साधारणतः २५ ते ४५ वयाची असावी, असे ठरले. ह्या प्रमाणाने वाशिम जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला हजाराच्या आसपास आशा लागतात. मूळ मार्गदर्शक सूचनांत असे स्पष्ट म्हटले होते की, ती मानद स्वयंसेविका राहील, तिला पगार किंवा मानधन मिळणार नाही आणि तिच्या नेहमीच्या चरितार्थात अडथळा येणार नाही अशा बेताने तिला काम दिले जाईल. म्हणजे शासनाच्या मूळ भाषेत ‘मानधन’ हा शब्दसुद्धा तिला नाकारलेला होता. तिला मिळावयाचा तो कामावर आधारित मोबदला, वऱ्हाडीत सांगावयाचे तर गुत्ता. लोकांनी त्याला ‘मानधन’ म्हटले, ही एका परीने बढतीच होय.

ह्या कामाला विदर्भात एक मोठी पूर्वपीठिका आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ज्या गावांत हे काम झाले तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. खेड्यातील स्त्रीच्या श्रमाचे मोल काय असू शकते, हे ह्या आकड्यावरून कळते.

२०११ पासून हे काम देशभर आशांकडे आले. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावयाचे. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन, तापमान, श्वासोच्छ्वास पाहून नोंदवावयाचे. ह्या सर्व भेटी मिळून मोबदला ठरला तो २५० रुपये. सहा भेटींनी भागले असता एका भेटीचे ४२ रुपयांहूनही कमी पडतात. बाळ तीन महिन्यांचे झाल्यापासून पंधरा महिन्यांचे होईपर्यंतच्या पाच भेटींची योजना २०१८ मध्ये आली. तिचा दर भेटीमागे ५० रुपये ठरला. ह्याखेरीज गरोदर स्त्रियांची नोंदणी, दवाखान्यात सोबत, लसीकरण, क्षयरोग्याला औषध, निरनिराळी सर्वेक्षणे ही कामे आहेतच. २०२० साली कोविडच्या साथीत घरोघर फिरून ताप आणि प्राणवायूची पातळी मोजण्याचे काम ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ह्या मोहिमेत मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावर पडले.

मोबदल्याच्या यादीत न येणारे एक काम भाषाशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. नोंदवहीची भाषा प्रमाण मराठी आणि तीही पारिभाषिक: ‘रक्तक्षय’, ‘जोखमीची माता’, ‘संदर्भसेवा’. गावाची भाषा वऱ्हाडी. मानोऱ्याकडील तांड्यांवर बंजारा समाजाची गोरबोली. एका बाजूने आलेली सूचना दुसऱ्या बाजूला समजेल अशी करणे आणि ‘मले चक्कर येते’ ह्या वाक्यातून रकाना भरता येईल अशी माहिती काढणे, हे भाषांतराचे काम आशा दिवसभर करते. ते कोणी नेमून दिलेले नाही, म्हणून ते श्रमाच्या हिशेबात धरले जात नाही.

संबोधनाचेही असेच. गावात तिला ‘आशाताई’ म्हणतात. वऱ्हाडीत ‘ताई, रातच्याले कायी झालं तं येजो’ असे कोणी म्हटले, तर त्या एकवचनात अनादर नाही. उलट घरच्या माणसाचा हक्काचा सूर आहे. पण नात्याच्या नावात कामाची वेळ बसत नाही. परिचारिकेची पाळी संपते; ताईची संपत नाही. मान आणि भार हे दोन्ही एकाच शब्दाने येतात, ते असे.

६. असमतोल का टिकतो

श्रम अधिक आणि प्रतिफल कमी असूनही माणसे काम का सोडीत नाहीत, याची झीग्रिस्ट यांनी तीन कारणे दिली आहेत: दुसरे काम उपलब्ध नसणे, आज सोसले तर पुढे लाभ होईल ही अपेक्षा आणि अतिसमर्पण.

पहिले कारण ग्रामीण भागात वेगळे सिद्ध करावयास नको. खेड्यातील विवाहित स्त्रीला घर सांभाळून गावातच मिळणारे काम एक तर हे, नाही तर शेतमजुरीचे.

दुसरे कारण समजण्यास ‘शिक्षणसेवक’ ह्या पदाची तुलना उपयोगी पडते. महाराष्ट्रात २००० साली ही योजना आली. शिक्षक तीन वर्षे मानधनावर काम करतो. नंतर वेतनश्रेणीत जातो. मानधन अपुरे असले, तरी त्याच्या शेवटी वेतनाचे दार आहे आणि ते कोणत्या तारखेला उघडणार हे ठाऊक आहे. प्रतिफलाचे तिसरे अंग, म्हणजे शाश्वती, तेथे काही काळ पुढे ढकललेले आहे, नाकारलेले नाही. आशेच्या बाबतीत ह्या दाराला तारीख नाही. वरचे पद ‘गटप्रवर्तक’ आणि तेही कंत्राटी. तरीही ‘आज ना उद्या कायम होऊ’ ही अपेक्षा टिकून राहते. पदाचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. त्याच्या आद्याक्षरांतून नेमका ‘आशा’ हा शब्द तयार व्हावा, हा योगायोग मराठी कानाला सहज विसरता येत नाही.

तिसरे कारण प्रश्नावलीत व्यक्तीच्या स्वभावाचा भाग म्हणून मोजले जाते. येथे भाषेच्या अभ्यासाने एक दुरुस्ती सुचविता येईल. अतिसमर्पण हे पदाच्या नावातच घालून दिलेले असू शकते. ‘सेविका’, ‘स्वयंसेविका’, ‘मदतनीस’ ह्या नावांनी कामाचा अर्थ आधीच ठरतो: जे केले ती सेवा, आणि सेवेचा हिशेब मागणे शोभत नाही. ‘सेवक’ ह्या शब्दाला मराठीत थोर परंपरा आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा सुशिक्षित तरुणांनी अधिक मिळकतीचे मार्ग सोडून अल्प वेतन समजून-उमजून पत्करले. त्यागाचे मोल त्यागाच्या स्वेच्छेत असते. जिच्यापुढे दुसरा मार्गच नाही, तिच्या अल्प मोबदल्याला तेच नाव दिले म्हणजे शब्दाची पुण्याई एकाकडून दुसऱ्याच्या खाती वळते.

पदनाम ही क्षुल्लक बाब नव्हे, हे शासनालाही मान्य असल्याचे दिसते. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून त्यांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला. ज्यांना वेतनश्रेणी होती त्यांचा ‘सेवक’ गेला. ज्यांना ती नाही त्यांची ‘सेविका’ राहिली.

७. शब्द न्यायालयात

मे २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील स्त्रियांना स्वयंसेविका किंवा मानधनी न समजता कामगार समजावे आणि किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली.

न्यायालयात हा शब्द निर्णायक कसोटीला लागला तो २५ एप्रिल २०२२ रोजी. गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. त्यात त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने ‘वेतन’च आहे, असे ठरले. नाव काहीही असो, नित्याच्या कामाबद्दल नित्य मिळणारी रक्कम ती वेतन, हा विचार पाणिनीच्या ‘वैतनिक’पासून फार दूर नाही. त्याहीपूर्वी १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले होते की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करावयास लावणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठच होय. सक्ती केवळ दंडुक्याची नसते, गरजेचीही असते, हे त्या निर्णयाने मान्य केले.

ह्या दोन निर्णयांमधल्या चाळीस वर्षांत मानाची उणीव होती असे नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक सन्मान दिला. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशा संपावर होत्या. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्या पुन्हा संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये तिसऱ्यांदा. ४ डिसेंबर २०२३ पासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचाही संप दीड महिन्यांहून अधिक चालला. मार्च २०२४ मध्ये राज्यशासनाने आशांच्या मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ नोव्हेंबर २०२३ पासून मंजूर केली. पुरस्कार आणि संप यांच्यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. मान ह्या पारड्यात पडला, धन त्या पारड्यात पडावयाचे राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ.

८. प्रश्नावलीच्या मराठीकरणाचा प्रश्न

ह्या विवेचनाचा संशोधनपद्धतीशी थेट संबंध आहे. झीग्रिस्ट यांची प्रश्नावली वाशिमसारख्या जिल्ह्यात वापरावयाची झाल्यास भाषांतराचा प्रश्न प्रथम उभा राहतो. प्रतिफलाच्या विधानांत वरिष्ठांकडून यथायोग्य आदर मिळतो की नाही, असे विचारलेले असते. मराठीत येथे ‘मान’, ‘आदर’, ‘कदर’, ‘किंमत’ आणि ‘शाबासकी’ हे शब्द स्पर्धेत उतरतात. ‘तुम्हांला मान मिळतो का?’ ह्या प्रश्नाला ‘ताई’ म्हणून हाक मारली जाणारी आशा बहुधा होय म्हणेल. ‘तुमच्या कामाची कदर होते का?’ असे विचारल्यास तेच उत्तर येईल असे धरून चालता येणार नाही. कारण मान माणसाला मिळतो, कदर कामाची होते. शब्दाच्या निवडीने गुण बदलतील आणि भागाकारही बदलेल.

बोलीभाषेने ह्या बाबतीत एक नेमका शब्दप्रयोग जपून ठेवला आहे: ‘कष्टाचे चीज होणे’. ‘चीज’ म्हणजे फारसीत केवळ ‘वस्तू’. ह्या प्रयोगात पैसा, मान, यश यांपैकी कशाचेही नाव घेतलेले नाही; कष्ट आणि त्यांतून निपजलेली वस्तू यांचा मेळ बसला की नाही, एवढेच विचारलेले आहे. सिद्धांताला अभिप्रेत असलेली समतोलाची कल्पना ह्याहून थोडक्यात सांगणे कठीण. तथापि हा प्रयोग बेरजेचा आहे; अंगांचा नव्हे. म्हणून एकूण समतोलासाठी ‘चीज’ आणि अंगांसाठी ‘पगार पुरतो का’, ‘कामाची कदर होते का’, ‘पुढच्या वर्षी काम राहील का’ असे तीन सुटे, साधे प्रश्न विचारणे श्रेयस्कर होईल. प्रश्नात ‘मानधन’ हा शब्द मात्र टाळावा. कारण त्या शब्दात प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच दिलेले आहे.

९. समारोप

शब्द बदलल्याने रक्कम वाढत नाही, हे उघड आहे. उद्या ‘मानधना’ला ‘वेतन’ म्हटले आणि आकडा तोच ठेवला, तर आशेच्या घरी एक भाकरही अधिक होणार नाही. परंतु शब्दाने प्रश्न विचारण्याची मुभा मिळते किंवा नाहीशी होते. ‘वेतन’ म्हटले की ते किती, केव्हा, कशाच्या आधारे आणि त्यावर जगता येते काय, हे चार प्रश्न ओघाने येतात. ‘मानधन’ म्हटले की ते चारही असभ्य ठरतात. न विचारलेला प्रश्न नाहीसा होत नाही. तो विचारणाऱ्याच्या मनात ताण होऊन राहतो.

हा विचार केवळ खेड्यापुरता नाही. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकांनाही वर्षानुवर्षे जे मिळते त्याला ‘मानधन’च म्हणतात आणि ते ज्या विद्यार्थ्यांना शिकवितात त्यांच्यापैकी अनेकजण उद्या त्याच यादीत नाव घालणार आहेत. तेव्हा ह्या शब्दाचा अर्थ तपासणे हे विद्यापीठीय विभागांचे दूरचे काम नव्हे. जुन्या वतनपत्रांनी मान आणि हक्क यांची नोंद वेगळी ठेवली होती. भारवीच्या दुर्योधनानेही दोन्ही वेगळे दिले. ती नोंद आजच्या हिशेबातही वेगळी असावी, एवढीच अपेक्षा ह्या शब्दाच्या इतिहासातून निघते.